पाहुण्यांकडे पाठ

समूहगीत बसवणाऱ्या माणसाला संगीतात जागा असते, शिष्टाचारात नसते. मुलं पाहुण्यांकडे तोंड करून उभी राहणार, मी मुलांकडे तोंड करून उभी राहणार, म्हणजे माझी पाठ आपोआपच पाहुण्यांकडे. झुबिन मेहता मूळचे मुंबईचे. ते जन्मभर रसिकांकडे पाठ करून उभे राहिले आणि लोक तिकीट काढून ती पाठ बघत आले. पण ते व्हिएन्ना-न्यूयॉर्कात. आमच्या तालुक्याच्या गावी स्नेहसंमेलनाला आमदारसाहेब येतात. "बाई, साहेबांकडे पाठ म्हणजे बरं दिसत नाही," असं एका मुख्याध्यापकांनी मला फार सौम्यपणे सांगितलं, आणि त्यांच्यामागून जेवढे मुख्याध्यापक आले त्या सगळ्यांनी तेवढ्याच सौम्यपणे सांगितलं.

मग तोडगा निघाला. व्यासपीठ आणि पहिल्या रांगेतले सोफे यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरते तिथं सतरंजीवर मी मांडी घालून बसायचं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, कारण मागच्यांना मुलं दिसली पाहिजेत. फोटोग्राफर माझ्या गुडघ्यावरून ये-जा करणार, त्याला काही बोलायचं नाही. अशा बैठकीत हातांचा उपयोग फारसा होत नाही. सगळं काम भुवयांवर येतं. डावी भुवई वर गेली की दुसरी ओळ, दोन्ही वर गेल्या की आवाज चढवा, आणि कपाळाला आठ्या पडल्या की तिसऱ्या रांगेत कोणीतरी बोलतंय. एका वर्षी गाणं ऐन रंगात आलेलं असताना मागून माझ्या खांद्यावर हळूच बोट लागलं. वळून बघते तर पाहुण्यांच्या सौभाग्यवती ओडोमॉसची ट्यूब पुढं करत होत्या. मी मघापासून डास हाकलतेय असं त्यांना वाटलं होतं.

हातवारे करून गाणं चालवणं हे आपल्याकडचं नव्हेच, असं काही जाणकार म्हणतात. त्यांनी एकदा माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला उभं राहावं. दिंड्या गोल करून उभ्या असतात, हजारो टाळ एका लयीत चालू असतात, कानाला दुसरं काही ऐकूच येत नाही. चोपदार चोप उंच धरतो, "होऽऽ" असा पुकारा करतो आणि सगळे टाळ जागच्या जागी थांबतात. मोठमोठ्या वाद्यवृंदांना असा थांबा जमत नाही. एवढ्या शांततेतही जिची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो, मग ती थांबते. मला ही पद्धत फार आवडते. अडचण एवढीच, की माझ्या वर्गात तक्रार असली तरी आणि नसली तरी वाजवत राहणारे पाच-सहा जण कायमचे आहेत.

मी स्वतः काठी-पट्टी काही वापरत नाही. एकतर लाकडी पट्टीशी मुलांची ओळख गणिताच्या तासाची, ती हातात दिसली की सूर आधी घशात जातो. दुसरं म्हणजे फ्रान्सचे संगीतकार लुली. चौदाव्या लुईच्या दरबारातले फार मोठे गृहस्थ. राजा दुखण्यातून उठला म्हणून देवाचे आभार मानणारं गाणं चाललं होतं आणि लुली जड काठी जमिनीवर आपटून ताल देत होते. ती बसली स्वतःच्याच पायाच्या बोटावर. जखम चिघळली, पाय कापायला ते तयार होईनात, आणि १६८७ साली त्यातच गेले. राजा ठणठणीत. पाहुण्यांच्या प्रकृतीसाठी गाणं बसवणाऱ्याला काय काय सोसावं लागतं, याची ही फार जुनी नोंद आहे.

देशातलं सगळ्यांत मोठं समूहगान रोज सकाळी तालमीशिवाय होतं. राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागावेत असा नियम आहे. पटांगणावरचे नऊशे गळे ते कधी मिनिटावर नेतात, तर थंडीच्या दिवसांत पंचेचाळिसातच उरकतात. पण खरी गोम वेळेत नाही, पहिल्या सुरात आहे. 'जन' हा शब्द मध्य सप्तकाच्या सावर सुरू होतो आणि शेवटाकडं येणारं 'जय हे' थेट तार सा गाठतं. माइकवरच्या मुलीनं उत्साहाच्या भरात काळी चार-पाचला सुरुवात केली, की 'विंध्य हिमाचल'पर्यंत सगळं सुरळीत असतं आणि मग 'जय हे'ला पटांगणावर आकांत होतो. देशभक्ती ओसंडून वाहतेय असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात नऊशे जण सुराला हात पोचवायला टाचा उंचावत असतात. म्हणून रोज घंटेच्या आधी मी माइकवरच्या मुलीच्या कानात काळी एकचा सा गुणगुणून ठेवते. एवढंसं काम, पण मी रजेवर असले की गावाला कळतं.

माझं स्वतःचं शिक्षण वेगळंच. मिरजेला गुरुजींसमोर बसून जे शिकले ते एकटीनं गायचं. समोर परीक्षक, बाजूला तबला, मागं तंबोरा आणि मध्ये आपण. तीस जणांनी एकदम गायचं झालं तर काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या गाण्याची सगळी गंमत दोन सुरांच्या मधल्या जागेत. मींड, खटका, मुरकी, कण. एकट्यानं घेतली तर मुरकी, तीस जणांनी आपापल्या सवडीनं घेतली तर चेंगराचेंगरी. तेव्हा समूहगीत बसवताना पहिलं काम घालायचं नसतं, काढायचं असतं. ज्यासाठी आपण वर्षानुवर्षं पहाटे उठलो, तेच सगळं एकेक करून चालीतून वेचून बाहेर ठेवायचं.

या कामात मी मनोमन ज्यांना मानते ते मास्तर कृष्णराव. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, मैफिलीत अलंकारांची लयलूट करणारे, प्रभातच्या 'माणूस' आणि 'शेजारी'चे संगीतकार. १९४८ साली राष्ट्रगीताचा प्रश्न निघाला तेव्हा पंडित नेहरूंचं म्हणणं पडलं, की 'वंदे मातरम्'ची चाल वाद्यवृंदावर नीट बसत नाही. मास्तरांनी झिंझोटी रागात अशी चाल बांधली, की ती चारचौघांना म्हणता यावी आणि बँडलाही वाजवता यावी, आणि दिल्लीला जाऊन ती ऐकवूनही दाखवली. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय 'जन गण मन'च्या बाजूनं लागला, 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान मिळाला. निकाल काही लागो. ज्याच्या गळ्यात एवढं होतं त्यानं ते सगळं बाजूला ठेवून पोलिसांच्या बँडमास्तरला काय झेपेल याचा विचार केला, हे मला त्यांच्या मैफिलींहून मोठं वाटतं. आमचे गुरुजी असते तर या वाक्यावर त्यांनी पानाची पिंक टाकली असती.

मुंबईत उलट्या बाजूनं याच प्रश्नाला हात घालणारे व्हिक्टर परंजोती. पाश्चात्त्य पद्धतीचं चार आवाजांचं समूहगान त्यांनी मुंबईकरांच्या गळ्यात उतरवलं, आणि आपल्याकडच्या सुरांवर 'द्रविडियन डिथिरॅम्ब' नावाची रचना केली, ती परदेशातले गायकवृंद आजही आवडीनं गातात. ते १९६७ साली गेले आणि त्यांच्या गायकवृंदाची धुरा कुमी वाडियांनी घेतली, ती पुढं दशकानुदशकं वाहिली. आपल्याकडे बाईनं गावं हे एव्हाना मान्य झालं होतं, पण बाईनं हात वर करावा आणि पुरुषांनी श्वास रोखून धरावा, हे नवीन होतं. त्यांना कोणी सतरंजीवर बसवलं नसावं.

दोन आवाजांचं गाणं मी शाळेत बसवायला घेतलं त्याला बरीच वर्षं झाली. अर्ध्यांनी मूळ चाल म्हणायची, अर्ध्यांनी तिच्या खाली दोन-तीन सूर सोडून दुसरी. मुलांना ते लवकर जमतं. पालकांना जमत नाही. "आमच्या मुलीला खालच्या ओळीत का घातलंय?" असं विचारायला एक वडील कामावर रजा टाकून आले होते. खालची म्हणजे कमी प्रतीची नव्हे, उलट ज्यांचा कान पक्का त्यांनाच तिथं उभं करते, कारण शेजारचा दुसरंच काहीतरी जोरात म्हणत असताना आपलं न सोडणं हे सोपं नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं, कारण ते एकत्र कुटुंबात राहत होते. पण जाताना म्हणालेच, "तरी पुढच्या वर्षी वर घ्या."

टीव्हीवरच्या २००८-०९च्या 'लिटिल चॅम्प्स' स्पर्धेनंतर तर प्रत्येक घरात एक गायिका निघाली. चांगलंच झालं, पेट्या धुळीतून बाहेर आल्या. पण समूहगीतात सगळ्यांत जास्त त्रास कोणाचा, तर बेसुऱ्यांचा नव्हे, बक्षीस मिळवलेल्यांचा. अशा मुलीचा आवाज एकोणतीस जणांच्या वर तरंगत राहतो. तिला हळू म्हण म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि संध्याकाळी आईचा फोन.

बेसुऱ्यांविषयी मात्र मला बोलायचं आहे. लग्नाकार्यात, बँकेत, एसटीत कुठंही मी गाण्याची बाई आहे असं कळलं, की एखादा भलाथोरला माणूस सांगतो: "मला शाळेत सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव." डॉक्टर सांगतात, वकील सांगतात, एका पोलीस निरीक्षकांनी सांगितलं. चाळीस-चाळीस वर्षं झालेली असतात, सांगताना हसतात, पण बाईंचं नाव, कुठली रांग, कुठलं गाणं, सगळं लख्ख आठवत असतं. माझ्या वर्गात हे वाक्य कोणी उच्चारत नाही.

सहावीत एक मुलगा होता. काहीही म्हणायला सांगा, तो एकाच सुरावर म्हणायचा. चाल वर जावो, खाली जावो, हा आपला सरळ. कान नाही म्हणून प्राथमिक शाळेतूनच शिक्का बसून आला होता. त्याचे वडील आठवडी बाजारात भाजी घेऊन बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी हा हाका मारायला असायचा. मी त्याला म्हटलं, "गाऊ नकोस. मेथी विक." तो आधी लाजला, मग डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून त्यानं हाक दिली: "मेथीऽऽ, दहाला जुडीऽऽ". पेटीवर शोधलं. काळी तीन. पुन्हा विकायला सांगितली. काळी तीन. मधल्या सुट्टीनंतर बोलावून घेतलं, तरी काळी तीन. ज्याला कान नाही म्हणत होते तो एकाच सुरावर मेथी विकत होता. तंबोरा धरणारे माझे विद्यार्थीसुद्धा सुराला इतके पक्के निघाले नाहीत. म्हटलं, हा तुझा सा, आता आम्ही सगळे तुझ्याकडे येतो. अख्खा वर्ग काळी तीनवर आणला. मग त्याच्या हाकेच्या शेवटी जी 'डी' होती ती एक पट्टी वर ढकलायला लावली. भाव वाढला म्हण, असं सांगितलं. सहामाहीपर्यंत तो पंचमाला पोचला होता. पुढं तो गायक वगैरे झाला नाही. तिसऱ्या रांगेत उभा राहून मोठ्यानं गायचा, एवढंच.

मुलांचं दुसरं संकट आठवीत येतं. कंठ वाढतो, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो, आणि हे कुणाच्या बाबतीत कधी होईल ते सांगता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीवर जाताना मुलगा जातो, परत येतो तो त्याचा मामा. मधल्या काळात तर एकाच ओळीत दोघंही बोलतात. स्पर्धा जानेवारीत. म्हणून मी आठवीच्या मुलांना कधी महत्त्वाच्या जागी ठेवत नाही. ठेवलं तरी बाजूला एक सातवीतला राखीव ठेवते.

तालमीत मी सूर-तालाइतकाच वेळ श्वासावर आणि 'श'वर घालवते. श्वास चोरून घ्यायचा असतो. लांबलेल्या सुरात शेजारणीनं घेतला की आपण घ्यायचा नाही, आणि ओळीच्या शेवटी तर कोणीच नाही. तिथंच सगळ्यांना घ्यावासा वाटतो. 'श'चं दुखणं निराळं. 'देश' हा शब्द ज्यात नाही असं समूहगीत अजून लिहिलं गेलेलं नाही. तीस जणांचे तीस 'श' मागंपुढं पडायला लागले की देश संपता संपत नाही. त्यावर उपाय म्हणजे सगळ्यांनी 'दे' म्हणायचं आणि 'श' म्हणायचं काम फक्त दोघींनी करायचं. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. त्या दोघींपैकी एकीच्या आजीनं कार्यक्रमानंतर कौतुकानं विचारलं, "तू काय म्हटलंस गं?" ती अभिमानानं म्हणाली, "मी 'श' म्हटला." आजी दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

बाकी नोकरी इतरांसारखीच. संगीताचा तास वेळापत्रकात असतो, पोर्शन राहिला की तो गणिताला जातो, आणि निरीक्षक येणार असले की गणिताचा तास संगीताला येतो.

सगळ्यांत कसोटीचं काम म्हणजे स्वागतगीत. आमच्या शाळेचं स्वागतगीत माझंच आहे. चाल भूप रागात, ताल दादरा, आणि दुसऱ्या कडव्यात पाहुण्यांच्या आडनावासाठी मोकळी जागा. हौशीनं ठेवली होती. पहिल्या वर्षी कुलकर्णी आले. कुलकर्णी म्हणजे बरोबर सहा मात्रा, दादऱ्याचं एक आवर्तन, एक काना इकडचा तिकडं नाही. मला वाटलं आपण थोर आहोत. पुढच्या वर्षी पाटील आले. पाच मात्रा, पण पाटलांना थोडं ताणलं तर चालतं. गोखल्यांच्याही पाचच, त्यांना ताणवत नाही. ते चुकून आधीच संपतात. देशपांडे आले ते सात मात्रांचे, म्हणजे सरळ रूपक. आणि सहस्रबुद्धे आठ मात्रांचे, तो केरवा झाला. म्हणून मी दरवर्षी नाव कळलं की त्या कडव्यापुरता ताल बदलते, आणि मुलांना वाटतं बाईंना किती सुचतं.

नावं बदलतात तीही आयत्या वेळी. एकदा पत्रिका छापल्या कुलकर्ण्यांच्या आणि मोटारीतून उतरले देशपांडे. मुलं व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभी, पहिलं कडवं संपत आलेलं, शिपाई माझ्या कानात आडनाव सांगून गेला. मी भुवयांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. एकीनं ओठांवरून ओळखलं, तिनं शेजारणीला कोपर मारलं, आणि कोपराकोपरानं ते नाव तिसऱ्या रांगेत पोचलं. गाताना सात मात्रा सहात कोंबल्या गेल्या. पहिल्या रांगेनं 'देशपांडे' म्हटलं, दुसरीनं 'देश्पांडे', आणि तिसरी अजून कुलकर्ण्यांचंच स्वागत करत होती. तबल्यावर बसलेल्या दहावीच्या पोरानं एक मात्रा गिळली आणि चेहरा असा केला, की जणू हे असंच बसवलं आहे. देशपांडेसाहेबांनी भाषणात गीताचा खास उल्लेख केला. कुलकर्ण्यांविषयीचा आदर पाहून आपण भारावलो, असं म्हणाले. पूर्वी ते कुलकर्ण्यांच्या हाताखाली होते.

तो तबल्याचा पोरगा आता वीज कंपनीत वायरमन आहे. संमेलनाला मात्र दरवर्षी येतो, खांबावरून उतरून थेट. परवा रात्री शाळेच्या लेखनिकांचा फोन आला: यंदाच्या पाहुण्या ठरल्या, डॉक्टर आहेत, आडनाव कुलकर्णी-सहस्रबुद्धे. दोन्ही लावतात. पत्रिकेत दोन्ही पाहिजेत, गाण्यातही दोन्ही पाहिजेत, असं सरांनी बजावलंय. मी बोटं मोजली. सहा आणि आठ, चौदा. लगेच वायरमनला फोन लावला.

"दीपचंदी वाजवशील का रे?"

"वाजवीन की बाई. कोण येतंय?"

मी सांगितलं. पलीकडून तो टेबलावर बोटांनी ठेका धरल्याचा आवाज आला, धा धिं ऽ, धा धा तिं ऽ, आणि तोंडानं आडनाव. मग थांबला.

"बाई, खाली आठव्या मात्रेवर येते. म्हणजे 'कुलकर्णीस'पर्यंत एक भाग आणि 'हस्रबुद्धे' खालीपासून."

"मग काय बिघडलं? स्वागत कुलकर्णीस. चतुर्थी आहे. मराठीच्या बाई खूश होतील."

"ते झालं बाई, पण लोक विचारतील ना, हे हस्रबुद्धे कोण?"